मांडवातले धवळे

कल्याण जंक्शन सोडून कर्जतच्या बाजूस निघालेली गाडी प्रथम थांबते ती विठ्ठलवाडीस. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके एकामागून एक येतात. खिडकीतून पाहणाऱ्यास दोन्ही बाजूंना इमारती, कारखाने आणि बाजार यांखेरीज फारसे काही दिसत नाही. परंतु हा देखावा फार जुना नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची छावणी उभी राहिली. 1947 मध्ये देशाची फाळणी झाल्यावर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. त्यापूर्वी या मुलखात बहुतेक भातशेती होती. शहर वाढले ते भातखाचरांवर. गावे मात्र उठून गेली नाहीत. ती शहराच्या पोटात राहिली. आजही मोठ्या रस्त्यावरून आत वळले, की एखादे जुने गावठाण लागते. तेथे घरे एकमेकांना चिकटलेली असतात, मध्ये गावदेवीचे देऊळ असते आणि ओट्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या आगरी बोलीत बोलत असतात.

'आगर' म्हणजे मीठ पिकवण्याची जागा. खाडीकाठी मिठागरे राखणारे आणि भात पिकवणारे ते आगरी, अशी या नावाची फोड सांगतात. ठाणे, रायगड आणि मुंबईच्या भोवतालचा प्रदेश हे या समाजाचे वसतिस्थान. त्यांच्या गावात लग्न निघाले, की इतर कोणास बोलावणे जावो न जावो, एका बाईस मानाने बोलावणे जाते. ती कोणा मोठ्या घरची असते असे नाही. बहुधा ती शेतात राबून म्हातारी झालेली, शाळेचे तोंड न पाहिलेली असते. परंतु मांडवात ती येऊन बसली, की घरची वडीलधारी माणसेही तिच्या शब्दाप्रमाणे चालतात. तिला धवलारीन म्हणतात.

धवलारीन जी गाणी गाते त्यांस धवळे असे नाव आहे. ही गाणी करमणुकीची नव्हेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मांडव घालणे, जाते आणि मुसळ यांची पूजा करणे, तांदूळ कांडणे, हळद लावणे, नवरदेवास न्हाऊ घालणे, असे लग्नाचे अनेक विधी असतात. त्यांतील प्रत्येक विधीचा धवळा निराळा. विधी सुरू झाला, की धवळा सुरू होतो आणि विधी आटोपेपर्यंत तो चालतो. धवळ्यात काय असते, असे विचाराल, तर एका वाक्यात सांगायचे म्हणजे आमंत्रण असते. प्रथम गणपतीला, मग गावदेवीला, कुलदेवतेला, सूर्य-चंद्रांना, धरतीला आणि गेलेल्या पूर्वजांना लग्नास यावे म्हणून बोलावले जाते. त्यानंतर मांडवाचे खांब कोठून आले, हळद कोणी पिकवली, तांदूळ कोणी सडले याचे वर्णन येते. लग्न हे काही दोन माणसांपुरते नसते, त्यात शेत, रान आणि देवही सहभागी असतात, अशी या गाण्यांमागील समजूत आहे. अनेक गावांत पूर्वी धवलारीन हीच लग्नाची पुरोहित मानली जाई. पुढे भटजींना बोलावण्याची पद्धत रूढ झाली, तरी मंगलाष्टके भटजींची आणि बाकीचे विधी धवलारणीचे, अशी वाटणी कित्येक घरी राहिली.

धवळ्याला सहसा वाद्याची साथ नसते. एक बाई पुढे म्हणते आणि शेजारी बसलेल्या दोघी-तिघी तीच ओळ उचलून धरतात. चाल संथ असते, सूर फार वर जात नाही आणि एकच ओळ थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येते. पहिल्या वेळी तीत आईचे नाव असेल, तर पुढल्या वेळी मावशीचे, मग आत्याचे, मग काकूचे. नव्या श्रोत्यास ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. परंतु तीत मोठे शहाणपण आहे. ओळींचा साचा ठरलेला असल्यामुळे न लिहिता, न वाचता शेकडो ओळी स्मरणात राहतात. शिवाय गाणे लांबवता येते आणि आखूडही करता येते. हळद लावणाऱ्या सुवासिनी वीस असोत की पन्नास, शेवटचा हात लागेपर्यंत गाणे पुरते. मांडवात बसलेल्या प्रत्येक नातलगाचे नाव त्यात गुंफले जाते. ज्या बाईचे नाव गाण्यात राहून जाते तिचा रुसवा काढणे पुढे घरच्यांना जड जाते, ही गोष्ट निराळी!

आता या शब्दाकडे पाहू. आगरी बोलीत 'ळ' च्या जागी 'ल' आणि 'ण' च्या जागी 'न' येतो. हळद ही 'हलद' होते, पाणी हे 'पानी' होते. त्याप्रमाणे प्रमाण मराठीत ज्याला आपण 'धवळा' म्हणतो त्यास त्या 'धवला' म्हणतात आणि धवळारीण ही 'धवलारीन' होते. या उच्चारास शहरातील मुले हसतात. परंतु मूळ संस्कृत शब्द 'धवल' असा आहे. धवल म्हणजे शुभ्र, आणि त्यावरून मंगल. तेव्हा ज्या उच्चारास अशुद्ध म्हणून नाक मुरडले जाते तोच येथे मुळाशी अधिक जवळचा ठरतो. याच शब्दापासून निघालेला 'धोळ' हा गीतप्रकार शेजारच्या गुजरातीतही आहे.

धवळ्यांचे वय किती असावे? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यात धवल या आशीर्वादपर गीतप्रकाराचा उल्लेख आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूर येथे महदाइसा नावाची महानुभाव पंथाची एक विदुषी होऊन गेली. ऋद्धिपूर हे गाव आजच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिचे गुरू गोविंदप्रभू हे मोठे मनस्वी पुरुष होते. एकदा त्यांच्या मनाने घेतले, की आपले लग्न व्हावे. भक्तांनी लग्नाची तयारी केली आणि गोविंदप्रभूंनी महदाइसेस वराची गाणी म्हणावयास सांगितले. तिने श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या विवाहाची कथा गाण्यांतून सांगितली. हीच गाणी महदाइसेचे 'धवळे' म्हणून प्रसिद्ध आहेत आणि त्यांमुळे महदाइसेस मराठीतील आद्य कवयित्री म्हणतात. लग्नात धवळे म्हणण्याची चाल बायकांत आधीपासून नसती, तर ही गोष्ट घडती ना. मराठीच्या पहिल्या कवयित्रीने ज्या प्रकारात रचना केली, तो प्रकार सातशे वर्षांनंतर कल्याणच्या आसपासच्या गावठाणांत गायिला जातो. आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात महदाइसेस मानाचे पान मिळाले आहे. धवलारणीस मिळालेले नाही.

उत्तरेकडील डोंगराळ भागात, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या तालुक्यांत वारली लोक राहतात. हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा ते त्यात गेले. वारल्यांचे लग्नही अशीच एक बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्या चौकात पालघट देवीचे चित्र काढतात आणि त्या वेळी धवलेरी गात असते. ज्या वारली चित्रांची कीर्ती आज देशोदेशी पसरली आहे, ती मूळची अशी गाण्याच्या सोबतीने निघालेली आहेत. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर आणले. त्यांस 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये ते निवर्तले. चित्र अशा रीतीने घराबाहेर पडले. त्याच्याबरोबरचे गाणे घरातच राहिले.

त्या चित्रांत गोलाकार नाचणाऱ्या माणसांच्या मध्ये एक वादक हमखास दिसतो. त्याच्या हातातील वाद्य म्हणजे तारपा. वाळलेल्या दुधी भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या बसवतात. नळ्यांच्या आत बोरूसारखी पातळ जिभळी असते. सांधे मेणाने बुजवतात आणि पुढच्या टोकास ताडाच्या पानांचा मोठा कर्णा गुंडाळून लावतात. वादक भोपळ्याच्या भोकातून फुंकतो. गालात साठवलेली हवा हळूहळू आत सोडीत असतानाच तो नाकाने नवा श्वास घेतो, त्यामुळे सूर कोठेही तुटत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेस हात घालून त्याच्याभोवती फिरतात. वादकाने सूर बदलला, की नाचाची दिशा बदलते आणि नाचणारा कधीही तारप्याकडे पाठ करीत नाही. नवे भात तयार होऊ लागले म्हणजे तारपा निघतो आणि दिवाळीपर्यंत वाजत राहतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव तारपावादनासाठी महाराष्ट्रभर झाले आहे. तारपा स्वतः घडवणारे आणि स्वतः वाजवणारे असे ते वादक आहेत.

लोकांमध्ये गायिले जाणारे गाणे सांभाळावे कसे, हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात सॉमरसेट नावाचा एक शेतकरी परगणा आहे. तेथील हॅम्ब्रिज या खेड्यात 1903 च्या सप्टेंबर महिन्यात सेसिल शार्प नावाचे संगीतशिक्षक आपल्या पाद्री मित्राकडे उतरले होते. मित्राचा माळी बागेत काम करताना गुणगुणत होता. त्याचे आडनाव योगायोगाने इंग्लंड असेच होते. शार्प यांनी ते गाणे पूर्वी कोठे ऐकले नव्हते. त्यांनी लगेच कागद काढून चाल टिपून घेतली, त्याच दिवशी पियानोची साथ बसवली आणि रात्रीच्या एका जेवणाच्या प्रसंगी ते गाणे मंडळींसमोर गाऊन दाखवण्यात आले. तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी म्हणाले, की हे गाणे आज प्रथमच मेजवानीचा पोशाख घालून आले आहे. त्यानंतर शार्प यांनी सॉमरसेटची खेडी पालथी घातली. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या लुई हूपर आणि त्यांची बहीण यांच्याकडून तर त्यांना कितीतरी गाणी मिळाली. ती त्या आपल्या आईकडून शिकल्या होत्या. 1924 मध्ये शार्प वारले, तोवर त्यांच्या संग्रही हजारो चाली जमा झाल्या होत्या.

शार्प यांचे ऋण मोठे, यात संशय नाही. पण त्या पोशाखाचे काय? 1906 मध्ये त्यांनी शाळांसाठी लोकगीतांचे पुस्तक तयार करण्यात भाग घेतला. मुलांच्या कानी पडू नयेत असे शब्द त्यात बदलण्यात आले. ओबडधोबड ओळी घासूनपुसून नीट केल्या गेल्या. माझ्या मते येथे नफ्याबरोबर तोटाही झाला. गाणे मुलांपर्यंत पोहोचले हा नफा. पण ज्या शेतकरी म्हाताऱ्याने ते गायिले होते, त्याच्या नातवाला शाळेतले गाणे ऐकून आजोबांचे गाणे चुकीचे वाटू लागले असेल, तर तो तोटा लहान म्हणता येत नाही.

आपल्याकडे हे काम झाले ते मुख्यतः ओव्यांचे. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. इतकी ती जुनी आहे. साने गुरुजींनी जमवलेल्या ओव्या 'स्त्रीजीवन' या नावाने 1940 मध्ये प्रसिद्ध झाल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खेडोपाडीच्या बायकांची गाणी छापून आणली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गावात पिठाची गिरणी आली, घरोघरची जाती कोपऱ्यात गेली आणि दळणाबरोबरची ओवीही थांबली. तिला कोणी मारले नाही. तिचे कामच उरले नाही.

धवळ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. लग्ने बंद पडलेली नाहीत. उलट ती पूर्वीपेक्षा थाटाची होतात. आगरी गावातील हळदीच्या रात्रीचा थाट पाहण्यासारखा असतो. मग ज्याचे काम शिल्लक आहे ते गाणे मागे का पडत चालले आहे?

पहिले कारण वेळेचे. पूर्वी लग्न घरच्या मांडवात चार-पाच दिवस चाले. आता अनेक ठिकाणी ते सभागृहात लागते आणि सभागृहाचे भाडे तासांवर असते. देवांना आणि पूर्वजांना एकेक करून बोलावीत बसण्यास तेथे सवड कोठली? दुसरे कारण आवाजाचे. दाराशी बॅन्ड आणि ध्वनिक्षेपक यांचा दणदणाट सुरू झाला, की आत बसलेल्या चार म्हाताऱ्यांचा संथ सूर त्यांच्या त्यांनाही ऐकू येत नाही. काही घरी आता एवढेच करतात, की हळद लावण्यापुरता अर्धा तास बाहेरचे वाजवणे थांबवतात. ही युक्ती मला फार चांगली वाटते. तिला पैसा लागत नाही आणि पोरांचा नाचही बुडत नाही.

तिसरे कारण शिकण्याच्या रीतीचे आहे आणि ते सर्वांत कठीण आहे. धवळे शिकवण्याची शाळा कधीच नव्हती. मुलगी आईच्या किंवा आजीच्या मागे प्रत्येक लग्नात बसे, आधी ओळीचा शेवटचा शब्द उचले, मग पूर्ण ओळ आणि वीस-पंचवीस वर्षांनी केव्हातरी पुढे होऊन स्वतः गाऊ लागे. आज तीच मुलगी शाळेत, महाविद्यालयात आणि मग कचेरीत जाते. ती शिकू नये असे कोणीही म्हणणार नाही. तिच्या आजीने तर मुळीच म्हटले नसते. परंतु शाळेने तिला अक्षरांबरोबर आणखी एक गोष्ट नकळत दिली, ती म्हणजे घरच्या बोलीची लाज. वर्गात 'पानी' म्हटल्याबद्दल जिला मुले हसली, ती चारचौघांत 'धवला' कसा गाणार? आजी गात असली, की ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. तास वाढवता येतात, ध्वनिक्षेपक थांबवता येतो. पण ही लाज काढावयाची, तर शिक्षकाने आणि वर्गातील मुलांनी आपले हसणे थांबवावे लागते.

सुदैवाने अलीकडे आगरी तरुणांत बोलीविषयी अभिमान दिसू लागला आहे. ते बोलीत कविता लिहितात, गाणी रचतात आणि काहीजण घरच्या म्हाताऱ्यांचे धवळे भ्रमणध्वनीवर मुद्रित करून ठेवतात. आज असे मुद्रण करणे कोणत्याही विद्यार्थ्यास शक्य आहे. मात्र नुसते मुद्रण करून भागत नाही. कोणत्या विधीचा धवळा आहे हे न लिहिता ठेवलेले गाणे म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाच्या घरी वा शेजारी लग्न निघाले आणि धवलारीन आली, तर आधी घरच्यांची आणि तिची परवानगी घ्यावी. विधी चालू असताना मध्येच प्रश्न विचारू नयेत. ती थांबली, तर विधीही थांबतो. गाणे संपल्यावर, तिचे चहापाणी झाल्यावर जवळ बसून विचारावे, की आजी, हे तुम्ही कोणाकडून शिकलात, तुमचे माहेर कोणते, माहेरचा धवळा आणि सासरचा धवळा यांत काय फरक आहे. या शेवटच्या प्रश्नाने बहुतेक म्हाताऱ्या खुलतात आणि दोन्ही गाऊन दाखवतात. मग वहीत गाव, वर्ष, विधी आणि गाणारीची संमती असल्यास तिचे नाव लिहावे. ओळी लिहिताना त्या दुरुस्त करू नयेत. ती 'हलद' म्हणाली असेल, तर 'हलद' असेच लिहावे.